हजारे, मर्चंट, ब्रॅडमन: वेगवेगळ्या काळांतल्या खेळाडूंचं रेटिंग मी कसं बसवलं

बडोद्यात जुन्या क्रिकेटचा विषय निघाला की गाडी भारताचे जुने फलंदाज विजय हजारे यांच्यावर येतेच, आणि मग 'हजारे मोठे की मर्चंट' हा वाद ठरलेला. कसोटी सरासरी बघायला जावं तर हजारे ४७.६५ आणि विजय मर्चंट ४७.७२. सात शतांशांवरून कोणी कोणाला मोठं ठरवू नये. पण म्हणून आकड्यांचा उपयोगच नाही असंही नाही. नुसत्या सरासरीला जे विचारता येत नाही, ते नीट मांडलेल्या रेटिंगला विचारता येतं. ज्यांना असं रेटिंग घरच्या संगणकावर स्वतः करून बघायचं आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत आणि त्यातल्या अडचणी लिहितो.

सुरुवात धावफलकांपासून. कारकिर्दीची एकूण बेरीज पुरत नाही, प्रत्येक डावाची वेगळी ओळ लागते: सामना, तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, धावा, बाद की नाबाद. माहिती एक्सेलमध्ये चिकटवण्याआधी सगळे कॉलम 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज लिंडवॉल याचे '७/३८' (३८ धावांत ७ बळी) हे पृथक्करण एक्सेल जुलै १९३८ ही तारीख समजून बदलून टाकतं, आणि ते नंतर लक्षातही येत नाही. उलट खऱ्या तारखांचा प्रश्न वेगळाच. एक्सेलची दिनदर्शिका १९००पासून सुरू होते आणि कसोटी क्रिकेट १८७७पासून. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले सामने तारखेनुसार लावले की भलतीकडे जातात. मी वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे कॉलम ठेवतो. नाबाद डावापुढची चांदणी काढून वेगळ्या कॉलममध्ये ० किंवा १ लिहायचं. षटकांचा आकडा तर कधीच दशांश म्हणून वाचू नये. '२३.४' म्हणजे तेवीस षटकं आणि चार चेंडू. त्यातही १९४७-४८च्या ऑस्ट्रेलियात षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणजे ते १४२ नव्हे, १८८ चेंडू झाले. सगळं चेंडूंत बदलून घेतलं की ही कटकट संपते.

दोन देशांकडून खेळलेले खेळाडू नावावरून शोधले तर अर्धेच हाती लागतात. गुल महंमद आणि अमीर इलाही हे दोघं बडोद्याकडून रणजी खेळले आणि कसोटी मात्र आधी भारताकडून, मग पाकिस्तानकडून. भारताकडून अब्दुल हफीज आणि पाकिस्तानकडून कारदार ही एकाच माणसाची नावं. प्रत्येकाला एक क्रमांक देऊन टाकणं उत्तम. २००५चा ऑस्ट्रेलिया विरुद्ध विश्व एकादश हा सामना कसोटीत धरायचा की नाही, हेही आधीच ठरवावं. मुरलीधरनच्या ८०० बळींत त्या सामन्यातले ५ आहेत.

आता मुख्य काम. पहिला प्रश्न थोड्या डावांचा. वेस्ट इंडीजच्या अँडी गँटोमने एकच कसोटी डाव खेळून ११२ धावा केल्या, म्हणजे सरासरी ११२, ब्रॅडमनच्या वर. यावर सगळे '२० कसोटींची अट' लावतात, पण अटीनं प्रश्न सुटत नाही. अ‍ॅडम व्होजेस बरोबर २० कसोटी खेळला आणि त्याची सरासरी ६१.८७ आहे. मी अट न घालता प्रत्येकाच्या खात्यात काही 'सामान्य' डाव मिसळतो. वरच्या फळीतल्या साधारण फलंदाजाची सरासरी ३५ धरली, आणि प्रत्येकाला अशा दराने २० वेळा बाद झालेलं मानलं. सूत्र सोपं आहे: (धावा + ७००) भागिले (बाद झालेल्या वेळा + २०). व्होजेस १४८५ धावांत २४ वेळा बाद, त्याचे होतात ४९.६६. मर्चंट १० कसोटींत १८ वेळा बाद, ८५९ धावा, त्यांचे ४१.०३. हजारे ३० कसोटींत ४६ वेळा बाद, २१९२ धावा, त्यांचे ४३.८२. हजारेंनी तीच सरासरी जास्त डाव टिकवली म्हणून ते वर गेले, आणि ते मला रास्त वाटतं. ब्रॅडमन ९९.९४वरून ८५.५१वर येतात आणि तरी पुढच्याला कुठेच दिसत नाहीत.

ती '२०' कुठून आली, हा प्रश्न वाचकानं विचारलाच पाहिजे. वेस्ट इंडीजचे जॉर्ज हेडली घ्या: २२ कसोटी, २१९० धावा, ३६ वेळा बाद, सरासरी ६०.८३. सचिन तेंडुलकर: १५९२१ धावा, २९६ वेळा बाद, ५३.७८. सामान्य डाव १० मिसळले तर हेडली ५५.२२ आणि सचिन ५३.१७. वीस मिसळले तर हेडली ५१.६१ आणि सचिन ५२.६०. एका आकड्यानं क्रम उलटला. म्हणून हा आकडा मी सूत्राच्या पोटात लपवत नाही, शीटच्या वरच्या एका चौकटीत उघडा ठेवतो आणि पाच, दहा, वीस, चाळीस घालून यादी पुन्हा लावून बघतो. चारही वेळा जो क्रम टिकतो तेवढाच सांगायचा.

याच्याच जोडीला, सरासरीत चूक किती असू शकते याचा अंदाज. कसोटी डावांच्या धावा फार विखुरलेल्या असतात, भोपळेही येतात आणि दीडशेही, आणि हा विखुरलेपणा साधारण सरासरीएवढाच असतो. त्यामुळे सरासरीला बाद झालेल्या वेळांच्या वर्गमुळानं भागलं की ती किती इकडेतिकडे हलू शकते ते कळतं. सचिनची सुमारे ३ धावांनी, हजारेंची ७नी, हेडलींची १०नी, मर्चंटांची ११नी. ब्रॅडमनची १२ येते. त्यांच्या सरासरीतून दुप्पट, म्हणजे २४ वजा केले तरी ७६ उरतात. हेडली आणि सचिन यांच्यातला वाद मात्र या हलण्याच्या आतच संपतो. कोणी 'आकड्यांनी सिद्ध झालं' म्हणालं तर त्याला हा भागाकार करायला सांगावा.

दुसरा प्रश्न काळाचा, आणि खरी कसोटी इथेच आहे. सगळ्यांची पहिली कल्पना अशी असते की त्या सामन्यात इतरांनी किती केल्या ते बघावं आणि ते माप धरून खेळाडूच्या धावा तोलाव्यात. अ‍ॅडलेड, जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलिया ६७४, त्यात ब्रॅडमन २०१. भारत ३८१ आणि २७७. हजारेंनी दोन्ही डावांत शतकं केली, ११६ आणि १४५. तिन्ही डाव सर्वबाद, एकूण १३३२ धावा, ३० बळी. हजारेंच्या २६१ धावा आणि त्यांचे दोन बळी वगळले (स्वतःच्या धावा स्वतःच्या मापात धरायच्या नसतातच) तर अवांतरासह १०७१ धावा आणि २८ बळी, म्हणजे ३८.२५. याचा अर्थ खेळपट्टी फलंदाजांची होती आणि हजारेंचं श्रेय थोडं कमी करावं? पण त्या १०७१मधल्या ६७४ भारतीय गोलंदाजीवर झाल्या होत्या. हजारेंसमोर लिंडवॉल आणि मिलर होते. फक्त भारताचे डाव घेतले तर हजारे वगळून ३९७ धावा, १८ बळी, सरासरी २२.०६. एकच सामना, एकच खेळपट्टी, आणि माप ३८ की २२? हजारेंचं रेटिंग जवळपास पावणेदोनपटीनं बदलतं.

सहकाऱ्यांशी तुलना केली की दुबळ्या संघातला चांगला फलंदाज फुगतो आणि हॉब्जबरोबर सलामीला जाणारा सटक्लिफ आक्रसतो. पूर्ण सामन्याशी तुलना केली की भक्कम गोलंदाजी असलेल्या संघाचे फलंदाज फुगतात, कारण त्यांचे स्वतःचे गोलंदाज समोरच्यांना स्वस्तात काढून माप खाली आणतात. म्हणून मी दोन्ही सोडून समोरच्या गोलंदाजीकडे जातो. त्या आक्रमणानं आगेमागे दोन वर्षांत, इतर सामन्यांत, एका बळीमागे किती धावा दिल्या, तो एक आकडा. त्या मैदानावर त्या काळात दोन्ही संघ मिळून सामान्यापेक्षा किती जास्त किंवा कमी धावा होत, तो गुणक. दोन्हींचा गुणाकार हे त्या डावाचं माप. १९३०-४०च्या दशकांत महायुद्धामुळे दोन वर्षांत पुरेसे सामने मिळत नाहीत, तिथे चार वर्षं घ्यावी लागतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. हेल्मेट नव्हतं, खेळपट्ट्या उघड्या असत, १९३५ साली पायचीतचा नियम बदलला, म्हणून जुन्यांना वेगळे गुण द्यावेत अशी सूचना नेहमी येते. देऊ नयेत. त्या सगळ्याचा परिणाम त्या काळच्या 'बळीमागे धावा' या आकड्यात आधीच आला आहे. पुन्हा दिले तर एकाच गोष्टीचे दोनदा गुण होतात.

दुबळ्या संघांबद्दल मात्र सावध राहावंच लागतं. ब्रॅडमननी भारताविरुद्ध १७८.७५ आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २०१.५० सरासरीनं धावा केल्या. हे सगळं काढून फक्त इंग्लंड ठेवलं तरी ५०२८ धावा आणि ८९.७८ उरतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत वाद संपतो. गोलंदाजांत मात्र फरक पडतो. इंग्लंडच्या सिडनी बार्न्सचे १८९ बळी १६.४३नं (म्हणजे बळीमागे तेवढ्या धावा) दिसतात, पण त्यातले ८३ त्या वेळच्या नवख्या दक्षिण आफ्रिकेचे, ९.८५नं. ऑस्ट्रेलियाविरुद्ध १०६ बळी, २१.५८नं. तेही अव्वलच आहे, पण माल्कम मार्शलच्या २०.९४ शेजारी बसणारं, त्याच्या मैलभर पुढचं नव्हे. जॉर्ज लोमनच्या १०.७५बद्दलही हेच: १८९६च्या आफ्रिका दौऱ्यातल्या तीन कसोटींत त्याचे ३५ बळी आहेत, ५.८०नं.

रणजीसारख्या प्रथम श्रेणी सामन्यांतल्या धावा मी मिसळत नाही. १९४६-४७च्या रणजी अंतिम सामन्यात हजारे २८८ आणि गुल महंमद ३१९, ५७७ची भागीदारी, होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी पराभूत. ती खेळी बडोदेकरांच्या जिभेवर आहे आणि असावीच. पण त्या काळच्या स्थानिक गोलंदाज्यांना कसोटीच्या मापात बसवायला पुरेसा दुवा सापडत नाही. त्याची किंमत मर्चंटांना मोजावी लागते, कारण त्यांची ७१.६४ ही प्रथम श्रेणी सरासरी ब्रॅडमननंतरची मानली जाते, आणि कसोटी फक्त दहा.

आयसीसीचं रेटिंग वापरावं का? १९८७मध्ये टेड डेक्स्टरच्या पुढाकारानं सुरू झालेली ती पद्धत ० ते १००० गुण देते आणि समोरच्या गोलंदाजीचं वजनही धरते. ब्रॅडमन ९६१, स्टीव्ह स्मिथ ९४७, हटन ९४५, आपला कोहली ९३७, गावसकर ९१६. पण हे गुण त्या त्या वेळच्या फॉर्मचे, सर्वोच्च क्षणाचे आहेत. पूर्ण गुण मिळायला ४० डाव व्हावे लागतात, आणि हेडलींची सबंध कारकीर्दच ४० डावांची. शिखर किती उंच, हे विचारायचं असेल तर जरूर वापरा. कारकीर्द मोजायला नको.

अष्टपैलूंसाठी सर्वांत लोकप्रिय सूत्र म्हणजे फलंदाजीच्या सरासरीतून गोलंदाजीची सरासरी वजा. सोबर्स २३.७५, कॅलिस २२.७२, इम्रान १४.८८. आणि ब्रॅडमन? त्यांचे दोन बळी ३६च्या सरासरीनं, म्हणजे ६३.९४. ज्या सूत्रात ब्रॅडमन सर्वश्रेष्ठ अष्टपैलू ठरतात ते सोडून द्यावं. गोलंदाजी किती केली, हे त्यात कुठेच नाही.

मी प्रत्येक कसोटीमागे वाचवलेल्या धावा मोजतो: बळी गुणिले (माप वजा सरासरी), भागिले कसोटी. मापासाठी सामान्य गोलंदाजाचे ३२ घेतले तर सोबर्स कसोटीमागे उणे ५ येतो, म्हणजे त्यानं चेंडू हातात घ्यायलाच नको होता! कारण माप चुकलं. सोबर्स कसोटीमागे जवळपास ३९ षटकं टाकत होता. तो नसता तर ती षटकं एखाद्या कामचलाऊ गोलंदाजानं टाकली असती. त्याचे ४० धरले तर सोबर्स अधिक १५, कॅलिस १३, इम्रान ७१. फलंदाजीतही तसंच, २५च्या वर जेवढ्या धावा तेवढ्या धरल्या तर सोबर्स ४९, कॅलिस ४४, इम्रान १५. बेरीज (दशांश धरून): इम्रान ८५, सोबर्स ६४, कॅलिस ५७. कामचलाऊचे ४० ऐवजी ४५ केले की इम्रान १०६वर जातो आणि त्याच हिशेबानं येणाऱ्या फलंदाज ब्रॅडमनच्या १०१ला मागे टाकतो. तिघांचा आपसातला क्रम दोन्ही वेळा तोच राहतो, पण फलंदाज आणि गोलंदाज यांना एका यादीत घालणं त्या पाच धावांच्या निवडीवर अवलंबून आहे. म्हणून मी दोन याद्या वेगळ्याच ठेवतो.

विनू मंकडांचं मोल याच हिशेबात पहिल्यांदा नीट दिसतं. फलंदाजीची सरासरी ३१.४७ आणि गोलंदाजीची ३२.३२, वजाबाकी शून्याच्याही खाली, म्हणून लोकप्रिय सूत्र त्यांना दारातही उभं करत नाही. पण ते कसोटीमागे सुमारे ५६ षटकं टाकत होते, सोबर्सच्या जवळपास दीडपट. ४०चं माप धरलं तर नुसत्या गोलंदाजीचे २८, म्हणजे सोबर्स आणि कॅलिस यांच्या गोलंदाजीच्या बेरजेएवढे. त्यात काळाचा आणि समोरच्या फलंदाजांचा गुणक अजून लावायचा आहे; १९५०च्या दशकात धावाच कमी होत असल्यानं फलंदाजीचे त्यांचे १० थोडे वाढतील आणि गोलंदाजीचे २८ थोडे घटतील.