तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचा अँटीव्हायरस बंद पडला, आता कुठला टाकू?

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापड दुकानातून हा प्रश्न येतो, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून येतो, आणि इंजिनिअरिंगला गेलेल्या पोरीच्या लॅपटॉपसाठी तिचे आईवडीलही विचारतात. शब्द थोडे इकडेतिकडे, प्रश्न एकच: "आम्ही वापरत होतो तो फुकटवाला बंद झाला म्हणे. आता त्याच्या जागी कुठला टाकू?"

विंडोज १० किंवा ११ असेल तर कुठलाच टाकू नका, विंडोजच्या आत बसलेला डिफेंडर पुरे. एवढं ऐकून लोक फोन ठेवतात आणि निम्मे तिथेच फसतात. नवा निवडायला पाच मिनिटं लागतात. बंद पडलेला जुना मुळासकट उपटायला अर्धा दिवस जाऊ शकतो, आणि तेच काम कुणी करत नाही.

जुना तसाच राहू दिला तर काय बिघडतं? विंडोजमध्ये एका वेळी एकच अँटीव्हायरस पहाऱ्यावर असावा, अशी रचना आहे. दुसरा कुणी आला आणि त्याने विंडोजकडे आपलं नाव नोंदवलं, की डिफेंडर आपणहून बाजूला होतो. पाहुण्याची मुदत संपली तर डिफेंडरने परत उभं राहावं, अशी सोय आहे. पण त्यासाठी पाहुण्याने 'मी आता कामाचा नाही' असं विंडोजला कळवावं लागतं. बेवारस झालेला प्रोग्रॅम ते नीट कळवेलच, याचा भरवसा नाही. मग घड्याळाशेजारचं चिन्ह हिरवंगार, आतली व्हायरसची यादी मात्र सहा महिने जुनी, आणि डिफेंडर झोपलेला. बाहेरचा अँटीव्हायरस अजिबात नसलेल्या मशिनवर निदान डिफेंडर तरी जागा असतो.

म्हणून आधी बघा, पहाऱ्यावर कोण आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' आहे. अँटीव्हायरसच्या रकान्यात कुणाचं नाव आहे आणि पुढे चालू की बंद, ते वाचा. मग त्या जुन्या प्रोग्रॅममध्ये जाऊन शेवटचं अपडेट कोणत्या तारखेचं, ते बघा. चिन्हाचा रंग बघू नका, तारीख बघा.

'बंद पडला' याचेही प्रकार आहेत. इम्युनेट नावाचा एक फुकट अँटीव्हायरस होता. तो २०११ मध्ये सोर्सफायर कंपनीकडे गेला, २०१३ मध्ये सोर्सफायरसकट सिस्कोकडे, आणि १ जानेवारी २०२४ ला त्याचा कारभार आटोपला. त्याची मुख्य मदार कंपनीच्या सर्व्हरवर होती. संशयास्पद फाइल दिसली की तो सर्व्हरला विचारायचा. असा अँटीव्हायरस सर्व्हर बंद झाल्या दिवशीच जवळपास आंधळा होतो. यादी मशिनवर ठेवणारा त्यापेक्षा हळूहळू मरतो, एवढाच फरक.

बिटडिफेंडरने जुनी फुकट आवृत्ती २०२१ च्या अखेरीस बंद केली आणि २०२२ मध्ये नवी काढली. नाव जवळपास तेच, प्रोग्रॅम वेगळा. जुना काढून नवा घातला नाही, तर 'माझ्याकडे बिटडिफेंडर आहे' म्हणण्याला अर्थ नव्हता. कॅस्परस्कीचं प्रकरण आणखी निराळं. अमेरिकेच्या सरकारने बंदी घातली, २९ सप्टेंबर २०२४ नंतर तिथली अपडेट थांबली, आणि कंपनीने तिथले ग्राहक अल्ट्राएव्ही नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे वळवले. पुष्कळांच्या मशिनवर तो न विचारताच येऊन बसला. ती बंदी अमेरिकेपुरती, सोलापुरात काही बदललं नाही. पण बंद पडलेल्या प्रोग्रॅमचा वारस कोण, हे आपण ठरवलं नाही तर दुसरं कुणीतरी ठरवतं.

ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला, तो कायम चालणार, असंही धरून चालू नका. क्लॅमएव्ही हा असाच एक अँटीव्हायरस आजही जिवंत आहे, तरी त्याच्या चालकांनी एप्रिल २०१० मध्ये जुन्या आवृत्त्या मुद्दाम ठप्प केल्या होत्या. ज्यांनी मेल सर्व्हरवर जुनी आवृत्ती तशीच ठेवली होती, त्यांचं स्कॅनिंग एका दिवसात थांबलं.

आता काढायचं कसं. अनइन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी तीन गोष्टी करा. एक, क्वारंटाइनमध्ये डोकवा. तिथे अडकलेल्या फाइल प्रोग्रॅमबरोबर पुसल्या जाऊ शकतात, आणि त्यात एखाद्या वेळी चुकून पकडलेली तुमची बिलिंगची फाइल असते. दोन, त्याच कंपनीचा पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर पासवर्ड आधी बाहेर काढून घ्या. तीन, कंपनीचं स्वतःचं सफाईचं टूल आत्ताच उतरवून ठेवा. अवास्टचं, एव्हीजीचं, कॅस्परस्कीचं, मॅकफीचं, प्रत्येकाचं वेगळं असतं. प्रॉडक्ट बंद झालं की काही महिन्यांनी ते पानही गायब होतं, आणि मग लोक कुठल्यातरी भलत्या साइटवरून 'रिमूव्हर' उतरवतात. त्यातूनच नवा व्हायरस आत येतो.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. त्यानंतर सफाईचं टूल सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी गरजेपुरतंच सुरू करून, चालवा. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, आणि यादी आली की ४. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेली असते आणि या वाटेवर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. आधी बघून कागदावर लिहून घ्या, नाहीतर लॅपटॉप निळ्या पडद्यावर अडकतो आणि दुकानदार फॉरमॅट मारून मोकळा होतो.

सगळं खरंच गेलं का, हे बघायची एक खात्रीची जागा आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं टाइप करून एंटर मारा. फाइल उघडताना मध्ये उभे राहणारे जे जे ड्रायव्हर आहेत, त्यांची यादी येते. त्यात 'अल्टिट्यूड' नावाचा रकाना आहे. अँटीव्हायरसचे ड्रायव्हर ३,२०,००० ते ३,२९,९९८ या पट्ट्यात बसतात. डिफेंडरच्या ड्रायव्हरचं नाव डब्ल्यूडीफिल्टर, त्याचा आकडा ३,२८,०१०. या पट्ट्यात तो एकटा दिसला तर घर साफ. ए-एस-डब्ल्यूने सुरू होणारं नाव दिसलं तर अवास्टचं पिल्लू अजून आत आहे, के-एलने सुरू होणारं दिसलं तर कॅस्परस्कीचं. 'नवा टाकल्यापासून मशिन रेंगाळतं' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. एकेक फाइल दोन-दोन नाक्यांवर थांबते.

आणखी एक अवशेष राहतो. काही अँटीव्हायरस ब्राउझरचं एन्क्रिप्ट केलेलं येणं-जाणं तपासायला स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कुणावर विश्वास ठेवायचा हे विंडोजला सांगणारा दाखला, विंडोजमध्ये घालतात. प्रोग्रॅम गेल्यावरही ते मागे राहिलं असेल तर काढा. स्टार्टमध्ये 'सर्टिफिकेट' शोधलंत की व्यवस्थापनाची खिडकी सापडेल. 'ट्रस्टेड रूट' खाली त्या कंपनीचं नाव दिसलं तर तेवढंच उडवा, शेजारच्यांना हात लावू नका.

आता डिफेंडर. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये जाऊन आधी अपडेट, मग क्विक स्कॅन. त्यानंतर ऑफलाइन स्कॅन. हा मशिन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासतो. साधारण पंधरा मिनिटं लागतात, तेवढा वेळ वीज जाऊ नये म्हणून यूपीएस किंवा चार्जर लावलेला असू द्या. फुल स्कॅन रात्री लावा. जुन्या हार्ड डिस्कवर तो कित्येक तास खातो.

तीन बटणं तपासा: क्लाउड प्रोटेक्शन, टॅम्पर प्रोटेक्शन, आणि 'रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन'मधलं नको असलेली अ‍ॅप्स अडवणारं. हे तिसरं कित्येक मशिनवर बंद सापडतं. टूलबार आणि भंगार 'पीसी क्लीनर' इथेच अडतात.

ऑफिसात टॅली असेल तर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' जरूर चालू करा. ते अनोळखी प्रोग्रॅमला ठरावीक फोल्डरमध्ये लिहू देत नाही, म्हणजे रॅन्समवेअरला (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला) आडकाठी. पण ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे नेहमीचे फोल्डरच सांभाळतं. टॅलीप्राइमचा डेटा ठरवून वेगळी जागा दिली नसेल, तर सी ड्राइव्हमध्ये यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा इथे असतो. तो फोल्डर यादीत हाताने घाला, आणि टॅलीच्या प्रोग्रॅमला परवानगी द्या. परवानगी विसरलात तर सकाळी पहिल्याच व्हाउचरला एंट्री सेव्ह होणार नाही आणि दोष डिफेंडरला लागेल.

शेवटी चाचणी. आयकार नावाच्या संस्थेची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे, सगळे अँटीव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. त्या संस्थेच्या साइटवरून ती फाइल उतरवून बघा. उतरताक्षणी हटवली गेली पाहिजे. मुकाट उतरली, तर पहाऱ्यावर कुणी नाही.

हे सगळं ऐकूनही 'डिफेंडर नको, बाहेरचाच हवा' म्हणणारे असतात. हरकत नाही. पण आधी घराणी ओळखा. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी घेतली. नॉर्टनवाल्यांनी २०२१ च्या सुरुवातीला अविरा घेतली आणि २०२२ मध्ये अवास्टच. ही चारही नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. एव्हीजीवर चिडून अविरा टाकणं म्हणजे त्याच मालकाच्या दुसऱ्या दुकानात जाणं.

आणि फुकट असेल तर त्याचा खर्च कोण उचलतो, हेही विचारा. अवास्टची जम्पशॉट नावाची उपकंपनी होती. वापरणाऱ्यांनी नेटवर काय काय बघितलं, त्याची माहिती ती विकत होती. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ती बंद केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने (एफटीसी) १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. डिफेंडरचा खर्च विंडोजच्या किमतीत येतो, म्हणून तो मला जास्त टिकाऊ वाटतो. पकडण्याची ताकद बघायची असेल तर जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज यांचे निकाल बघा. एकाच महिन्याचा निकाल नको, लागोपाठचे तीन-चार बघा.

दुकान आणि कारखानेवाल्यांसाठी वेगळी सूचना. बाहेरचे बहुतेक फुकट अँटीव्हायरस घरगुती वापरापुरतेच फुकट असतात. जीएसटीची बिलं निघणाऱ्या मशिनवर ते टाकणं परवान्यात बसत नाही. डिफेंडर चालतो. क्लॅमएव्हीवर बेतलेला विंडोजचा क्लॅमविनही परवान्यात बसतो, पण त्याला सतत पहारा देता येत नाही. तुम्ही सांगाल तेव्हा किंवा ठरल्या वेळी स्कॅन करतो, इतकंच. त्यामुळे तो एकट्याने पुरत नाही. पैसे द्यायची तयारी असेल तर पुण्याची क्विक हील आहेच, सर्व्हिसला माणूसही मिळतो.

जकार्डचं (मागावर विणायच्या नक्षीचं) डिझाइन करणाऱ्यांकडे एक खोड सर्रास दिसते. सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं असतं, डिफेंडर त्याला 'हॅकटूल' म्हणून पकडतो, आणि मग कुणीतरी सगळा डी ड्राइव्हच एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, घालून देतं. त्या ड्राइव्हवर आलेलं काहीच मग तपासलं जात नाही. अँटीव्हायरस बदलून यात काही फरक पडत नाही. एक्सक्लूजनची यादी आजच उघडा. त्यात आख्खा ड्राइव्ह किंवा डाउनलोड्स फोल्डर दिसला तर काढा.

जुन्या मशिनचं काय? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती मशिनसाठी नाव नोंदवलं तर सुरक्षेची अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. डिफेंडरची व्हायरस यादी मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील, असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलंय. यादी ताजी असली तरी विंडोजमधली भोकं त्याने बुजत नाहीत. घरात कितीही चांगला राखणदार ठेवला, तरी मागची भिंतच पडलेली असेल तर तो काय करणार? विंडोज ७ चा आधार तर १४ जानेवारी २०२० लाच गेला. लूमला (यंत्रमागाला) जोडलेलं असं मशिन असेल, तर त्याला कुठला अँटीव्हायरस हे विचारूच नका. त्याची नेटची वायर काढा.

मग डिझाइन न्यायला पेन ड्राइव्ह उरतो. तो एकच ठेवा, त्याच कामाचा, झेरॉक्सच्या दुकानात न फिरणारा. दर वेळी आधी नव्या मशिनला लावून त्यावर राइट क्लिक करून डिफेंडरने स्कॅन करा, कारण फुल स्कॅन पेन ड्राइव्ह आपणहून तपासत नाही. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर डबल क्लिक करू नका आणि घाईने फॉरमॅटही मारू नका. मूळ फायली बहुधा तिथेच लपवलेल्या असतात, कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवा, 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवायची खूण काढा, म्हणजे त्या फिकट रंगात दिसतील. तेवढ्या कॉपी करून घ्या, आणि मग खुशाल फॉरमॅट मारा.