गयामा अटकस

अमळनेरकडचे आबा. "डाक्टर, भाकर गयामा अटकस." म्हणजे गळ्यात अडकते. घरच्यांनी कॅन्सरच धरलेला.

गेल्या आठवड्यात बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध, पाजलं ("यामा चुना कालवेल शे का?") तर स्क्रीनवर पांढरी धार अन्ननलिकेतल्या एका गुळगुळीत फुगवट्याला वळसा घालून खाली उतरली. कडा कुरतडलेली नाही, अस्तर शाबूत. सीटीतही गाठ एकसारखी. आज एंडोस्कोपिक सोनोग्राफीचा रिपोर्ट आला: गाठ अन्ननलिकेच्या भिंतीच्या चौथ्या थरात, म्हणजे स्नायूतली. लायोमायोमाच, स्नायूची साधी, कॅन्सर नसलेली गाठ! अन्ननलिकेच्या साध्या गाठींत नेहमीची हीच, पण साध्या गाठीच मुळात दुर्मिळ. माझ्या नशिबात ही तिसरी. बायोप्सी मुद्दाम टाळली. तुकडा काढला तिथं वण धरला की ऑपरेशनात गाठ सोलून काढताना अस्तर फाटायची भीती.

सुनेला सगळं समजावलं. तिचा प्रश्न एकच, "ऑपरेशन होईतोवर कळण्याची भाकरी दुधात चुरून देऊ का?"