आमची वाटचाल : हुंड्यातल्या गावापर्यंत

२०१२ साली आम्ही नवरा-बायकोने पुण्यात, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ग्रीसच्या सहलींचं काम सुरू केलं. ग्रीसच का, तर तेव्हा तिथे मंदी होती आणि हॉटेलं परवडत होती. उगाच इतिहासप्रेमाचा आव आणत नाही. अथेन्स, सँटोरिनी, मिकोनोस, की परत. सगळे दाखवायचे तेच आम्हीही दाखवायचो आणि मोठ्या कंपन्यांच्या दरांपुढे कशीबशी हातातोंडाची गाठ घालायचो.

२०१५ च्या जूनअखेरीस आमचा एक ग्रुप ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात होता आणि २९ जूनला तिथल्या बँका बंद झाल्या. स्थानिकांना एटीएममधून दिवसाला ६० युरो. परदेशी कार्डांना ती मर्यादा नव्हती, पण पुढच्या हॉटेलने आमची आगाऊ रक्कम आलीच नाही म्हणून खोल्या नाकारल्या. अकरा माणसं, सामान आणि कडक ऊन. शेवटी बसचा ड्रायव्हर म्हणाला, माझ्या मावशीच्या खोल्या आहेत, चला. कलामाता शहराहून पस्तीसेक किलोमीटर, घाटाघाटाने. गावाचं नाव कार्दामिली.

मागे ताइगेतोसचा २,४०० मीटरचा डोंगर, पुढे समुद्र, मधे दगडी घरं. एक काका म्हणाले, "अहो, पण इथे बघायचं काय?" मला उत्तर सुचेना. मावशीबाईंनी ते भाच्याकरवी दिलं : "आमचं गाव हुंड्यात देऊ केलं होतं, पण जावयाने घेतलं नाही!" होमरच्या इलियड महाकाव्यात, नवव्या सर्गात, रुसलेला योद्धा अकिलीस लढायला परत यावा म्हणून ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन त्याला आपली मुलगी आणि वर सात गावं देऊ करतो, त्यात पहिलं नाव कार्दामिलीचं. अकिलीस नाही म्हणाला. तो नकार गाव अजून मिरवतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या वस्तीत गेलो. मूर्त्झिनोस घराण्याचा बुरूज, शेजारी उंच घंटाघराचं चर्च. मानी नावाच्या या भागात घराण्याघराण्यांत पिढ्यान् पिढ्या वैर चालायचं आणि माणसं असे बुरूज बांधून राहायची. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, त्यामुळे ग्रुपला हे फार समजावून सांगावं लागलं नाही. पण १८२१ च्या जानेवारीत ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी कोलोकोत्रोनिस झाकिंथोस बेटावरून इथेच उतरला, मूर्त्झिनोसकडे राहिला आणि २३ मार्चला मानीच्या लोकांनी तुर्कांकडून कलामाता घेतलं. ते ऐकल्यावर तेच काका बुरुजाच्या पायऱ्यांवर तासभर बसून होते.

तेव्हापासून सँटोरिनी बंद. कार्दामिलीत चार रात्री मुक्काम, चौदा माणसं, छोटी बस. २०२० मध्ये वर्षाच्या दोन्ही सहली रद्द झाल्या, एफडी मोडून लोकांचे पैसे परत केले. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

आता एक सहल दिवाळीनंतर निघते, कारण तेव्हा ऑलिव्हची तोडणी असते. झाडांखाली जाळ्या अंथरलेल्या, फांद्या झोडपल्या की बारीक, कोरोनेइकी जातीची फळं टपाटप पडतात. खायची ती काळी मोठी कलामाता वेगळी, ही तेलाची. ताज्या तेलात मावशीबाई 'लालांगिया' तळतात : करंगळीएवढी जाड कणकेची वळी, वेटोळं घालून. आमच्या एका काकूंनी ते पाहिलं आणि बॅगेतून कडबोळ्यांचा डबा काढला. मग पीठ किती घट्ट हवं यावर दोघींचा अर्धा तास वाद झाला, एकीला मराठी येत नाही, दुसरीला ग्रीक. सहलीच्या सामानाच्या यादीत आम्ही आता भाजणीही लिहितो.