कवच टाकण्याचे दिवस

क्रेफिश, म्हणजे कोळंबीसारखा दिसणारा, मोठ्या नांग्यांचा गोड्या पाण्यातला कवचधारी प्राणी, घरी आणल्यानंतर साधारण दोन महिन्यांनी एका सकाळी तो मला टाकीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. मिशा, डोळे, दोन्ही नांग्या सारे जागच्या जागी होते, पण हालचाल अजिबात नव्हती. मेला असे समजून मी तो जाळीने उचलला, तेव्हा हाती आले ते आतून पोकळ, अर्धपारदर्शक कवच. क्रेफिश मात्र दगडामागच्या नळीत, फिकट पडलेल्या मऊ अंगाने निपचित बसला होता.

ते कवच मी टाकून दिले आणि तिथेच चुकलो. क्रेफिशचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही, म्हणून वाढण्यासाठी त्याला ते वेळोवेळी टाकावेच लागते. त्याआधी तो जुन्या कवचातील काही कॅल्शियम शोषून घेतो आणि जठराच्या भिंतीत दोन पांढऱ्या चकत्यांच्या रूपाने साठवतो. कवच टाकल्यावर त्या विरघळतात आणि नवे कवच कडक व्हायला सुरुवात होते. परंतु हा साठा पुरेसा नसतो. उरलेले कॅल्शियम पाण्यातून, अन्नातून आणि टाकलेले कवच खाऊन मिळवावे लागते, त्यामुळे ते कवच टाकीतच राहू द्यावे आणि पाणी फार मृदू, म्हणजे क्षार कमी असलेले, नसावे.

आता लक्षणे मला आधीच कळतात. तो खाणे सोडतो, लपून राहतो आणि कवचाचा रंग मंदावतो. अशा वेळी त्याला हात लावू नये, टाकीची साफसफाईही पुढे ढकलावी. आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते: त्याच्या लहान मिशांच्या मुळाशी तोल सांभाळणारी इंद्रिये असतात, त्यांत वाळूचे कण असतात, आणि कवचाबरोबर तेही निघून जात असल्याने प्रत्येक वेळी नवे कण भरावे लागतात. म्हणून तळाशी थोडी बारीक वाळू मी आवर्जून ठेवतो.

खाण्याबाबत तो चोखंदळ नाही. बुडणारे खाद्य, उकडलेली भाजी, अधूनमधून कोळंबीचा तुकडा त्याला पुरतो, आणि टाकीत लावलेल्या पाणवनस्पतीही तो खाऊन टाकतो. औषधांबाबत मात्र कमालीची काळजी घ्यावी, कारण माशांच्या काही औषधांत तांबे असते आणि ते क्रेफिशच्या जिवावर बेतते. झाकणही घट्ट हवे. फिल्टरच्या नळीवरून किंवा वायरवरून तो सहज वर चढतो आणि कल्ले ओले असेपर्यंत पाण्याबाहेर जगू शकतो, पण कोरड्या जमिनीवर त्याची ती मुदत लवकर संपते.

पाळून कंटाळा आला तरी क्रेफिश नदीत वा तळ्यात कधीही सोडू नये. १९९० च्या दशकात जर्मनीतील हौशी लोकांच्या टाक्यांमध्ये आढळलेल्या संगमरवरी क्रेफिशमध्ये सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय त्यांना पिल्ले होतात. म्हणजे पाण्यात गेलेली एकच मादी नवी वस्ती उभी करू शकते. २०१६ मध्ये युरोपीय संघाने आक्रमक परकीय प्रजातींची पहिली यादी केली, तेव्हा तिच्यात या क्रेफिशचाही समावेश होता.

राहिला सोबतीचा प्रश्न. एकटा बरा दिसत नाही म्हणून मी ८० लिटरच्या त्याच टाकीत दुसरा क्रेफिश सोडला होता. लपायला जागा भरपूर होत्या, तरीही चौथ्या रात्री झटापट झाली आणि पहिल्याची डावी नांगी खाली पडलेली सापडली. मराठीत नांगी टाकणे म्हणजे हार मानणे. क्रेफिश मात्र सुटका करून घेण्यासाठी ती खरोखरच मुळापासून टाकतो. मी दोघांना त्याच दिवशी वेगळे केले. त्यापैकी एखादा त्या वेळी मऊ अवस्थेत असता, तर वाचलाच नसता. पुढच्या कवचाबरोबर नखाएवढी नवी नांगी आली, त्यापुढच्या वेळी ती बोटाच्या पेराएवढी झाली, आणि गेल्या आठवड्यात तिसरे कवच टाकल्यावर ती उजवीच्या जवळपास पाऊणपट भरली आहे.