एकोणतिसाव्या रोजाची रात्र

एकोणतिसाव्या रोजाची इफ्तारी उरकते तोच चंद्र दिसल्याची खबर आली, आणि फितऱ्याच्या, म्हणजे ईदनिमित्त गरजूंना द्यायच्या दानाच्या, टेबलावर गर्दी लोटली. तिसावा रोजा गृहीत धरून आखलेला एक अख्खा दिवस हातातून गेला होता. फितरा ईदच्या नमाजेआधी गरजूच्या हातात पडायला हवा. हनफी मतानुसार (सुन्नी कायद्याची एक परंपरा) उशिरा दिला तरी तो अंगावरून उतरतो, पण ज्याच्यासाठी तो आहे त्याची ईदची सकाळ रिकामी जाते.

सर्वांत जास्त गोंधळ मापाचा. फितरा साअमध्ये मोजतात, आणि साअ हे भांड्याचं माप आहे, वजन नव्हे. एकाच भांड्यात गहू, जव आणि मनुका वेगवेगळ्या वजनाने बसतात. हनफींकडे गहू अर्धा साअ, म्हणजे सुमारे 1.633 किलो, खबरदारी म्हणून पावणेदोन किलो धरतात. जव, खजूर आणि मनुका मात्र पूर्ण साअ, साधारण साडेतीन किलो. एकाने खजुराच्या हिशेबाने द्यायचं ठरवून पावणेदोन किलोची रक्कम आणली होती. फितरा अर्धाच भरला असता. त्याला थांबवून बाकीची रक्कम घेतली.

दुसऱ्याचा प्रश्न: "जकात माझ्यावर नाही, मग फितरा कसा?" हा प्रश्न दरवर्षी येतो. जकातीला, म्हणजे संपत्तीवरच्या वार्षिक दानाला, वर्ष पूर्ण व्हावं लागतं आणि माल वाढणारा लागतो. फितऱ्याला दोन्ही अटी नाहीत. गरजेपलीकडचं सामान आणि रोकड मिळून साडेबावन्न तोळे (612.36 ग्रॅम) चांदीच्या किमतीएवढी झाली की वाजिब, म्हणजे बंधनकारक. रोजे ठेवायचे राहिले असले तरीही.

रात्री एक बाप धावत आला. मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्तानंतर, त्याला मुलगी झाली होती. हनफी मतात फितरा ईदच्या पहाटे, सुबह सादिकला वाजिब होतो, म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळाचाही बापाने द्यायचा. शाफई मतात (दुसरी एक सुन्नी परंपरा) सूर्यास्त ही हद्द, तिथे हे बाळ मोजलं गेलं नसतं. तो हनफी होता. पावतीवर "नवजात मुलगी" असं लिहून घेतलं. पोटातल्या बाळाचा वाजिब नाही, आणि बायकोचा नवऱ्यावर नाही, जरी बहुतेक नवरे तिच्या संमतीने देतात.

खरी चूक पेटीत सापडली. दोन पाकिटांवर नुसतं "मशिदीसाठी" लिहिलं होतं, आत फितरा. ही रक्कम बांधकामाला किंवा पगाराला चालत नाही. गरजू माणसाला तिचा मालक करावं लागतं. फोन करून नियत विचारली, मग पाकिटं फितऱ्याच्या वहीत चढवली. म्हणूनच फितरा, जकात आणि फिदया (न ठेवता येणाऱ्या रोजांच्या बदल्यात द्यायची रक्कम) यांच्या पावत्या वेगवेगळ्या रंगाच्या हव्यात.

वाटपाची यादी विसाव्या रोजापर्यंत घरोघर तपासलेली होती, म्हणून रात्र पुरली. फजरच्या, पहाटेच्या, अजानआधी शेवटचं पाकीट पोहोचलं, नवजात मुलीच्या फितऱ्याचं.