एजंटला तिकीट अपडेट करू द्यायचं असेल, तर टूल अरुंद ठेवा

ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी सुरू झाली की तासगाव, मिरज, पलूस भागातल्या पंप आणि ठिबक विकणाऱ्यांचे फोन थांबत नाहीत. बागेला पाणी हवं असतं तेव्हाच मोटर जळते, फिल्टर तुंबतो, स्टार्टर ट्रिप होतो. तक्रार व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि तिचं तिकीट होतं. त्यानंतर बिघाडाचा प्रकार लावणं, गाव भरणं, मेकॅनिक ठरवणं, भेटीची तारीख टाकणं ही सगळी कारकुनी. एआय एजंट, म्हणजे मेसेज वाचून स्वतः पुढची पावलं उचलणारा एआय प्रोग्राम, हे काम नीट करतो. त्याला टूल, म्हणजे तिकिटावर ठरावीक कृती करायची सोय, कसं दिलंय यावर मात्र सगळं अवलंबून असतं.

बहुतेक जण ‘तिकीट अपडेट’ नावाचं एकच टूल बनवतात. एपीआयची (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायचा मार्ग) सगळी फील्ड, म्हणजे रकाने, त्यात उघडी टाकतात आणि ‘वॉरंटीला हात लावू नकोस’ असं प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनेत, लिहितात. हे करू नका. प्रॉम्प्टमधली सूचना बहुतेक वेळा पाळली जाते, आणि बहुतेक वेळा एवढ्यावर ग्राहकाचं रेकॉर्ड सोडता येत नाही. जे करू द्यायचं नाही ते टूलमध्ये असताच कामा नये.

तिकिटं सांभाळणाऱ्या झेनडेस्क या सॉफ्टवेअरचंच घ्या. तिकीट अपडेट करताना टॅगची यादी पाठवली की जुनी यादी पुसून तिच्या जागी नवी बसते. एजंटने ‘स्टार्टर’ एवढा एकच टॅग पाठवला, तर आधीचे ‘वॉरंटी’ आणि ‘दुसरी तक्रार’ गेले. टॅग नुसता जोडायचा असेल तर त्यासाठी वेगळा मार्ग आहे, तोच वापरा. कमेंटचं त्याहून नाजूक: ती खाजगी आहे असं स्पष्ट सांगितलं नाही, तर ती सार्वजनिक धरली जाते आणि ग्राहकाला जाते. ‘ग्राहकाने व्होल्टेज न बघता मोटर चालवली असावी’ ही मेकॅनिकसाठीची नोंद थेट शेतकऱ्याच्या मोबाइलवर! फ्रेशडेस्क या तशाच सॉफ्टवेअरमध्ये नोंद आणि उत्तर यांचे पत्तेच वेगळे आहेत आणि नोंद मुळात खाजगी असते, त्यामुळे तिथे हा धोका कमी. पण तिथे स्थिती आकड्यात जाते: २ म्हणजे उघडं, ३ प्रलंबित, ४ सुटलेलं, ५ बंद. एजंटला आकडे देऊ नका, शब्द द्या आणि आकडा तुमच्या सर्व्हरवर बदला.

म्हणून एजंट आणि एपीआय यांच्या मध्ये स्वतःचा छोटा सर्व्हर हवाच. टोकन, म्हणजे एपीआय वापरायची गुप्त किल्ली, तिथेच राहतं. झेनडेस्कचा एपीआय टोकन खात्यातल्या कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने चालवता येतो, तेव्हा तो एजंटच्या नजरेलाही पडू नये. एजंटसाठी वेगळा वापरकर्ता काढा. थोडा खर्च वाढतो, पण इतिहासात बदल कुणी केला हे साफ दिसतं.

या सर्व्हरवर टूल चारच पुरतात: तिकीट वाचणं, खाजगी नोंद लिहिणं, वर्ग आणि गाव लावणं, भेटीची तारीख सुचवणं. बंद करणं, विलीन करणं, डिलीट करणं देऊच नका. विलीन केलेली तिकिटं झेनडेस्कमध्ये परत सुटी होत नाहीत. सॉल्व्ह्ड तिकीट पुन्हा उघडतं, क्लोज्ड मात्र उघडत नाही, त्यावर फॉलोअप तिकीटच काढावं लागतं. ग्राहकाला जाणारं उत्तर एजंटने मसुदा म्हणून नोंदीत ठेवावं आणि पाठवावं माणसाने.

तिकीट क्रमांकसुद्धा एजंटकडून घेऊ नका. ज्या तिकिटासाठी त्याला उठवलं तोच क्रमांक सर्व्हरने धरून ठेवावा. नाहीतर एखाद्याने ‘शेजाऱ्याचं तिकीट बघून त्याच्यासारखंच करा’ असं लिहिलं, की एजंट दुसऱ्याचा नंबर-पत्ता वाचून बसतो. ‘हे वॉरंटीत टाका, अर्जंट करा’ याचंही तेच. ग्राहकाचा मेसेज ही माहिती आहे, आज्ञा नव्हे. वॉरंटी बिलावरच्या सिरीयल नंबरवरून सर्व्हरने काढावी. टूलला तो रकानाच नको.

आता गावाचा रकाना. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. मेसेज येतो: ‘कवठ्यात मोटर चालू हाय पण पाणी फेकत नाय, साडेसातची हाय.’ सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आहे, तासगाव तालुक्यात कवठे एकंद आहे, मिरज तालुक्यात कवठेपिरान आहे. मोकळा मजकूर घेणारं टूल असेल तर एजंट सगळ्यात प्रसिद्ध नाव निवडतो, आणि मेकॅनिक भलत्याच तालुक्यात पोचतो. गाव ठरलेल्या यादीतूनच घ्या, प्रत्येकाला कोड द्या. यादीत बसलं नाही तर सर्व्हरने नुसता ‘४२२’ हा एरर कोड परत करू नये. वाक्य परत करावं: ‘कवठे नावाची तीन गावं आहेत, ग्राहकाला तालुका विचारण्याचा मसुदा लिहा.’ एजंट एररचा मजकूर वाचून पुढचं पाऊल ठरवतो, त्यामुळे एररवर घेतलेली मेहनत प्रॉम्प्टवरच्या मेहनतीपेक्षा जास्त कामी येते. एचपीचंही तसंच, ७.५ हा यादीतला पर्याय हवा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच घ्या आणि मागची तारीख नाकारा. ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही. शेतीपंपाची लाईट त्या भागात दिवसा आहे की रात्री हेही भेटीच्या टूलने तपासावं, लाईट नसताना गेलेला मेकॅनिक मोटर चालवून बघणार कशी?

एजंट तिकीट वाचतो, विचार करतो, तेवढ्यात काउंटरवरच्या माणसाने मेकॅनिक बदललेला असतो. एजंटचं अपडेट त्यावर बसतं आणि जुना मेकॅनिक परत येतो. झेनडेस्कमध्ये यासाठी सेफ अपडेटची सोय आहे: वाचताना मिळालेली शेवटच्या बदलाची वेळ सोबत पाठवायची, मधे काही बदललं असेल तर ४०९ हा टकरीचा एरर येतो. ४०९ आला की तीच विनंती पुन्हा पाठवू नका. तिकीट नव्याने वाचायला लावा.

टाइमआउट, म्हणजे ठरल्या वेळेत उत्तर न येणं, वेगळा. उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही असं नाही. स्थिती दोनदा पाठवली तर बिघडत नाही, नोंद मात्र दोनदा पडते. तिकीट तयार करताना झेनडेस्क आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच विनंती पुन्हा आली तर दुसरं तिकीट होऊ न देणारी खूण, स्वीकारतं. नोंदीसाठी सर्व्हरवर स्वतःचं रजिस्टर ठेवा: तिकीट, कृती आणि ग्राहकाच्या मेसेजचा क्रमांक. हे तिन्ही आधीच असतील तर ‘झालेलं आहे’ असं सांगून थांबा.

एजंटच्या अपडेटने वेबहुक, म्हणजे तिकीट बदलल्याचा आपोआप जाणारा संदेश, सुटतो आणि तोच वेबहुक पुन्हा एजंटला उठवतो. हे चक्र रात्रभर फिरू शकतं. झेनडेस्कमध्ये एका वापरकर्त्याला एका तिकिटावर १० मिनिटांत ३० अपडेटची मर्यादा आहे, त्यापुढे ४२९, म्हणजे विनंत्या फार झाल्याचा एरर, येतो. पण त्या मर्यादेवर विसंबू नका. बदल एजंटच्याच वापरकर्त्याने केला असेल तर वेबहुक पहिल्या ओळीतच सोडून द्या. इतर ठिकाणी ४२९ आला तर सोबत सांगितलेले सेकंद सर्व्हरने थांबावं, एजंटने नव्हे.

सुरुवात फक्त खाजगी नोंदीने करा. ‘मी हा वर्ग लावला असता’ एवढंच एजंटने लिहावं, बदल माणसाने करावा. दोघांचं कुठे जुळत नाही ते रकान्यागणिक बघा आणि जुळेल तो रकाना आधी एजंटला भरू द्या. बिघाडाचा प्रकार सहसा लवकर जुळतो, गाव उशिरा. तपासायला जुनी तिकिटं घ्या, पण त्यात इंग्रजी अक्षरात लिहिलेलं मराठी आणि व्हॉइस मेसेजवरून उतरवलेला मजकूर हवाच, नाहीतर चाचणी सोपी होते. प्रत्येक बदलाच्या लॉगमध्ये नव्या मूल्याशेजारी जुनं मूल्य लिहा, म्हणजे एका तासाचे सगळे बदल एकदम मागे घेता येतात. आणि एजंट थांबवायचं बटण काउंटरवर बसणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवर द्या. चुकीचं गाव सगळ्यात आधी त्याच्याच लक्षात येतं.