कूलरमधला लुआ: फंक्शनं झाली, आता टाइप

नागपूरचा मे महिना चालू आहे, त्यामुळे कूलर-कंट्रोलरचं काम आपोआपच पुढे सरकून राहिलं आहे. रास्पबेरी पायवर सी-मधला छोटा प्रोग्राम, त्यात लुआ ५.४, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममध्ये बसवता येणारी छोटी स्क्रिप्टिंग भाषा. रिले आणि सेन्सर सी सांभाळतं. पंप कधी, पंखा किती वेळ, हे नियम लुआच्या फाइलीत. वाळ्याच्या ताट्या बदलल्या की वेळा बदलतात, दर वेळी कंपाइल कोण करत बसणार?

लुआतून बोलावता यावीत म्हणून सीची फंक्शनं नोंदवणं सोपं. सगळ्यांचा साचा एकच: लुआ-स्टेट (चालू लुआचा सगळा हिशेब) घ्यायचा, पूर्णांक परत द्यायचा. हा पूर्णांक म्हणजे उत्तर नव्हे, स्टॅकवर (सी आणि लुआ एकमेकांना किमती देतात ती चळत) किती उत्तरं ठेवली तो आकडा.

खरा वेळ खाल्ला टाइपनं, म्हणजे सीमधला कूलर लुआला वेगळ्या प्रकारची वस्तू म्हणून ओळखू येण्यानं. लाइट यूजरडेटा म्हणून नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, पण सगळ्या लाइट यूजरडेटाला मिळून मेटाटेबल (वस्तूचं वागणं ठरवणारं टेबल) एकच. कूलर आणि सेन्सर लुआला सारखेच. अदलाबदल झाली तर सी मुकाट्यानं भलत्याच जागी लिहील. म्हणून पूर्ण यूजरडेटा (लुआनंच सांभाळलेला मेमरीचा तुकडा), कूलरचं स्वतंत्र मेटाटेबल, आणि प्रत्येक मेथडच्या पहिल्या ओळीत चेकयूडेटा, म्हणजे वस्तूचा प्रकार तपासणं.

आता ‘कूलर:पंप(३०)’ऐवजी कुणी ‘कूलर.पंप(३०)’ लिहिलं, तर पहिल्या जागी कूलरऐवजी ३० येतं आणि लुआ तिथंच अडवतं: कूलर हवा होता, नंबर मिळाला. गंमत पुढे आहे. कोलननं बोलावून ३०च्या जागी टेबल दिलं, तर स्टॅकवर ते दुसरं असूनही एररमध्ये त्याला पहिलं म्हणतात. सेल्फ, म्हणजे कोलनच्या आधीची वस्तू, मोजतच नाहीत. हे ध्यानात ठेवा बाप्पा, नाहीतर भलतंच आर्ग्युमेंट तपासत बसाल.

मेमरी सोडायला जीसी मेटामेथड (नको असलेली वस्तू लुआ साफ करताना चालणारं फंक्शन) ठीक, पण पंप बंद करणं तिच्यावर सोपवू नये. ती कधी चालेल याचा नेम नाही. तोवर टाकी कोरडी आणि पंप जळालेला. ५.४ मधलं क्लोज (व्हेरिएबलवर लावायची खूण) इथं कामाचं: ब्लॉक संपला की, मधेच एरर येऊन तुटला तरी, पंप बंद.

पुढचं काम टाकीच्या फ्लोटचं (पाण्याची पातळी सांगणारा तरंगता स्विच). त्यावर लुआचं फंक्शन कॉलबॅक म्हणून, म्हणजे फ्लोट हलला की चालेल असं, लावायचं आहे. ते रजिस्ट्रीत (सीसाठी राखलेलं लुआचं टेबल) रेफ घेऊन ठेवलं आणि त्या फंक्शननं कूलरलाच धरून ठेवलं, तर अनरेफ करेपर्यंत दोघंही सुटत नाहीत. त्यामुळे माझा कल यूजर व्हॅल्यूकडे, म्हणजे ते फंक्शन कूलरच्या यूजरडेटालाच जोडून ठेवण्याकडे आहे. कुणी दुसरं काही वापरत असाल तर सांगा.